कापायचा नव्हे, सोडवायचा केक

लहान मुलाच्या वाढदिवसाला घरीच आकाराचा केक करायचा असे एकदा ठरले, की पहिला वाद चवीवरून होत नाही. ‘हा हत्ती वाटतो का?’ यावरून होतो. कोणी सोंड लांबवायला सांगते, कोणी कान मोठे करायला, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललेला असतो ते पोर मधूनच डोकावून विचारते, शेपूट कुठे आहे? पुढच्या पानांतली मापे, कृती आणि कागदी नमुने या वादात हाताशी असावेत म्हणून दिले आहेत. तो वाद मुळात मोलाचा का आहे, एवढेच या प्रस्तावनेत मांडायचे आहे. घरच्या केकची बाजू घेणारे सहसा तीन कारणे देतात: तो स्वस्त पडतो, शुद्ध असतो आणि प्रेमाने केलेला असतो. तिन्ही लंगडी आहेत. लोणी, बरे चॉकलेट, क्रीम, गॅस आणि फसलेला पहिला घाणा यांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर बचत फारशी उरत नाही. मैदा आणि साखर दोन्हीकडे तीच. आणि प्रेम म्हणाल तर ते बेकरीपुढे रांगेत उभ्या राहिलेल्या बापाचेही असते. माझे म्हणणे वेगळे आहे. एखादी वस्तू ओळखू यावी म्हणून तिच्यातले काय ठेवलेच पाहिजे आणि काय सोडले तरी चालेल, हा निवाडा घरात, मुलाच्या देखत आणि शक्य तर मुलाच्या तोंडून व्हावा. आकाराचा केक घरी करण्याला खरा अर्थ आहे तो एवढ्यासाठी. बाकी सारे, अगदी केक भाजणेसुद्धा, दुय्यम आहे.

खाण्याला आकार देऊन त्यातून काही सांगणे मराठी घराला नवे नाही. गौरींपुढे फुलोरा टांगतात. त्यात करंज्यांबरोबर पिठाची वेणी आणि फणी तळून बांधतात. ती वेणी कुठल्याच खऱ्या वेणीसारखी दिसत नाही. पिठाच्या पेडांना पीळ घातला की झाली वेणी, आणि एका कडेला दाते पाडले की झाली फणी. गुढीला बांधायच्या साखरेच्या गाठी लाकडी साच्यात पाक ओतून पाडतात. नाशिककडे त्यांना हार-कडे म्हणतात, आणि त्या खडबडीत पांढऱ्या चकतीला कडे म्हणायला कुणाला कधी अडचण आली नाही. बोरन्हाण तर सरळ सरळ थीम पार्टीच आहे. रंग ठरलेला, काळा. पोशाख ठरलेला, झबले आणि त्यावर हलव्याचे मुकुट, हार, बाजूबंद, मुलगा असला तर बासरीही. पाहुणे ठरलेले, आळीतली लहान मुले. साबुदाण्यावर किंवा तिळावर मंद आचेवर थेंबथेंब पाक सोडत, काटा येईपर्यंत हलवा फुलवायचा आणि मग तो दोऱ्यात ओवायचा, हे काम कुठल्याही आयसिंगपेक्षा चिकाटीचे. दिवाळीचा किल्ला खाण्याचा नसला तरी याच कुळातला. त्यात बुरुजापेक्षा मावळा उंच असतो, तळ्याच्या काठी प्लास्टिकचा वाघ असतो, आणि कुणालाही प्रमाण चुकले असे वाटत नाही. खूण पटली की वस्तू पटली, हा करार या सगळ्यांच्या मुळाशी आहे. तेव्हा आकाराचा केक म्हणजे परदेशी थेर, ही तक्रार निम्मीच खरी आहे. केक बाहेरून आला, आकार घरचाच होता.

मुलांची नजर या कराराला मोठ्यांपेक्षा अधिक जवळची असते. जॉर्ज-हेन्री ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली मुलांच्या चित्रांवरच्या पुस्तकात दाखवून दिले, की लहान मूल दिसते ते काढत नाही, ठाऊक असते ते काढते. तीन-चार वर्षांचे मूल माणूस काढते तेव्हा एक वाटोळे डोके आणि त्यालाच फुटलेले दोन पाय असतात, धड गैरहजर. थोडे मोठे झाले की घराच्या भिंतीतून आतली खाट आणि ताटे दिसतात, कारण ती आत आहेत हे त्याला माहीत असते. मूल एका काठीवर मांड टाकून अंगणभर घोडा फिरवते, तेव्हा त्या काठीला आयाळ नाही हे त्याच्या लेखी बिघडलेले नसते. घोडा म्हणजे ज्यावर बसून पळता येते तो. असे असताना खाद्य शाईने छापलेला, हुबेहूब छायाचित्राचा केक मुलाला काय देतो? एक चित्र, जे त्याने आधीच टीव्हीवर शंभरदा पाहिलेले असते. त्यात शोधण्यासारखे काही उरत नाही. उलट दोन बेदाण्यांचे डोळे आणि अर्ध्या बिस्किटाचा कान पाहून ते ओरडते, ‘ससा!’ आणि त्या ओरडण्यात शोध लावल्याचा आनंद असतो. केक वेडावाकडा झाला तरी चालतो, असे सांत्वन मी करत नाही. गबाळेपणा आणि निवड यांत फरक आहे. कान कुठे लावायचा हे नीट ठरवून लावलेला अर्धा बिस्किटाचा कान ही निवड. जागा चुकलेली, घसरणारी, कुठल्याच प्राण्याची नसलेली साय म्हणजे गबाळेपणा.

या म्हणण्याला जगातला सर्वांत ठळक पुरावा ऑस्ट्रेलियातला आहे. ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’ने १९८० मध्ये मुलांच्या वाढदिवसांच्या केकचे एक पुस्तक काढले. मुखपृष्ठावर आगगाडी. आत बदक आहे, त्याची चोच बटाट्याच्या वेफर्सची. पोहण्याचा तलाव आहे, त्यातले पाणी जेलीचे. बहुतेक केक साध्या चौकोनी किंवा गोल केकचे तुकडे कापून जोडलेले आणि किराणा दुकानातल्या गोळ्या-बिस्किटांनी सजवलेले. पाकसिद्ध कलावंताला हसू येईल अशीच ही कारागिरी. पण त्या देशात दोन पिढ्या या पुस्तकावर वाढल्या, ते पुन्हा छापावे लागले, आणि ‘ब्लूई’ या मुलांच्या मालिकेत त्या बदकाच्या केकवर एक अख्खा भाग निघाला. पुस्तकाच्या यशाचे कारण माझ्या मते एकच: ते पुस्तक साचे विकत घ्यायला सांगत नाही. चौकोनातून बदक कसे काढायचे ते सांगते. याच्या दुसऱ्या टोकाला पुण्याच्या प्राची धबल देब यांचे काम ठेवून पाहावे. रॉयल आयसिंगमध्ये त्यांनी मिलानच्या कॅथेड्रलची शंभर किलोंची प्रतिकृती उभी केली. ती कला थक्क करणारी आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला तिच्यात हात घालता येत नाही, आणि आपल्या विषयाशी तिचे नाते तेवढेच दूरचे आहे.

आता एकलहऱ्याकडे वळतो, कारण हा विषय तिथे फार स्पष्ट दिसतो. नाशिकरोडच्या पुढे, गोदावरीच्या काठी हे औष्णिक वीज केंद्र. पहिले संच १९७० च्या सुमाराचे, आता बंद. पुढे १९७९ ते १९८१ दरम्यान आलेले २१० मेगावॅटचे तीन. कोळसा रेल्वेने येतो, जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, मागे राख उरते. इथल्या मुलाला क्षितिजावर चिमण्या दिसतात आणि घरातला कुणीतरी पाळीवर जातो, म्हणजे वीज कुठून येते याचे उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर उभे असते. तरी वाढदिवसाची थीम निवडताना यादी देशात कुठेही असते तीच: छोटा भीम, डोरेमॉन, स्पायडरमॅन, युनिकॉर्न. या मंडळींशी माझे वैर नाही. अडचण वेगळीच आहे. छोटा भीमचे रूप एका कंपनीने ठरवलेले आहे. त्याच्या धोतराचा केशरी रंग जरा फिका झाला की केक चुकतो, आणि चूक काढणारे मूल बरोबर असते. घरच्या हाताने केलेली अशी प्रतिकृती नेहमी मूळ चित्राला हरतेच. कोळशाच्या गाडीचे अधिकृत चित्र कुणाकडे नाही. वाघिणी किती, इंजिनाला दिवे किती, मागे गार्डाचा डबा हवा की नको, हे सांगणारा जाणकार घरातच आहे आणि तो पाच वर्षांचा आहे. गंमत अशी, की आपल्याकडे वाफेची इंजिने नेहमीच्या सेवेतून जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला, तरी आजचे मूल इंजिन काढताना त्याला चिमणी काढते आणि चिमणीतून धूर. विजेचे इंजिन ते रोज पाहते. पण इंजिन म्हणजे चिमणी हे त्याला ठाऊक असते. ल्यूके पुन्हा खरा ठरतो. केकच्या इंजिनाला चिमणी लावावी, वाद घालू नये.

ही गाडी करायला सोपी आहे हेही तिच्या बाजूचे. बारा इंच लांब आणि आठ इंच रुंद टिनमधला दोन इंच जाडीचा केक घेतला, आणि तीन बाय दोन इंचांचे तुकडे पाडले, तर बरोबर सोळा तुकडे निघतात, चुरा म्हणून काही वाया जात नाही. दोन तुकडे एकावर एक ठेवून इंजिन, उरलेल्या चौदा वाघिणी. वाघिणींच्या कडांना चॉकलेटचा हात फिरवायचा, वर चॉकलेट बिस्किटे जाडसर मोडून टाकायची. पूड केली तर कोळसा न दिसता माती दिसते. चाकांना गोल क्रीम बिस्किटे, स्लीपरना ग्लुकोज बिस्किटे, रुळांना चिक्कीच्या बारीक पट्ट्या, दोन वाघिणींमधल्या जोडाला एकेक काळा मनुका. मनुक्यांना नाशिक जिल्ह्यात काय तोटा. चिमणी केकची उभी करू नये. केक मऊ असतो, रुंदीच्या दुपटीपेक्षा उंच गेला की कलतो, आणि घरच्या पहिल्या केकचे निम्मे अपघात याच उभ्या हट्टापायी होतात. बेकरीत क्रीम रोलची रिकामी नळकांडी मिळाली तर ती चिमणीला अगदी नेमकी बसतात. केक आदल्या रात्री करून, गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावा. थंड केकमधली चरबी घट्ट झालेली असते, त्यामुळे सुरी कडा फाडत नाही. ओव्हन नसेल तर रिंग आणि शिट्टी काढलेला कुकर, तळाला मिठाचा थर, हा आपल्याकडचा जुना मार्ग आहेच. फक्त कुकरमध्ये आयताकृती टिन मावत नाही, म्हणून दोन गोल केक करून त्यांतून तुकडे काढावे लागतात आणि मग चुरा उरतो. तो क्रीममध्ये मळून त्याचे गोळे करावेत. ट्रेच्या कडेला कोळशाचा ढीगही होतो.

हवामानाचे भान मात्र ठेवायला हवे. नाशिक थंड म्हणून नावाजलेले असले तरी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लोण्याचे आयसिंग टिकत नाही. लोणी तिशी ओलांडताच सैल पडू लागते आणि पस्तिशीच्या आसपास वितळते. बाजारातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये चरबी पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते, ती कितीही फेटली तरी उभी राहत नाही. त्याला तीस-पस्तीस टक्के हवे. वनस्पती चरबीचे व्हिपिंग क्रीम उन्हात जास्त तग धरते, पण त्याची चव टाळूला चिकटते. पावसाळ्यात फॉन्डंटला घाम सुटतो. कोळशाची गाडी या सगळ्यातून सहज सुटते, कारण तिला क्रीम फार लागतच नाही. रंगांचेही तसेच. आपल्याकडे खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांनाही मर्यादा आहेत. गडद लाल किंवा निळे आयसिंग हवे असेल तर घरच्या हाताला मर्यादेचा अंदाज राहत नाही. जिभा निळ्या झालेली मुले वाढदिवसाच्या फोटोंत दिसतात ती याच कारणाने. बीट, पालक, हळद हे रंग फिके येतात आणि लहरी असतात. हळदीला सोड्याचा स्पर्श झाला की ती तांबूस होते, बीट भट्टीत तपकिरी पडते. म्हणून आकार निवडतानाच मूळ रंग कामी येईल असा निवडावा. कोळसा, माती, डोंगर, किल्ला, गाय, बैलगाडी: चॉकलेटचा रंग यांना पुरतो. युनिकॉर्नला पुरत नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप श्रमाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे लबाडी ठरेल. घरचा केक म्हणजे आईचा केक, असा अर्थ आपोआप होतो. कामावरून येऊन स्वयंपाक, अभ्यास, पाहुण्यांचे चहापाणी आणि वर हा हत्ती. त्यात आकाराच्या केकला फोटोंची स्पर्धा चिकटली की जे हौसेने सुरू झाले ते चांगल्या आईच्या परीक्षेत जमा होते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच वर म्हटले की भाजणे दुय्यम आहे. नाशिकरोडच्या कुठल्याही बेकरीतून आयसिंग न केलेला साधा केक विकत आणावा. त्याने काहीही बिघडत नाही. मोल आकार ठरवण्यात आहे, आणि ते काम घरात सहज वाटून घेता येते. एकलहऱ्यासारख्या वसाहतीत तर घरोघर मापे घेणारे, ड्रॉइंग वाचणारे, पत्र्यावर मार्किंग करणारे हात आहेत. पुठ्ठ्याचा नमुना कापणे हे त्यांचेच काम आहे. वाढदिवसाला त्यांच्या वाट्याला फुगे फुगवणेच का यावे? पाळ्यांचे वेळापत्रकही आड येत नाही, कारण हे काम तुकड्यांनी होते: नमुना आठवडाभर आधी, केक आदल्या दिवशी, जुळणी सकाळी. दुसऱ्या पाळीला जाणारा बाप सकाळी रूळ टाकून जाऊ शकतो. ज्या घरी एवढेही हात रिकामे नाहीत, त्या घराने तयार केक आणावा आणि मनात काही ठेवू नये. साखरेचा आक्षेपही खराच. मुलांच्या आहारातल्या एकूण उष्मांकांत वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांखाली असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पाच वर्षांच्या मुलाला त्या हिशेबाने दिवसाला साधारण तीस ग्रॅम येते. क्रीमचा एक मोठा तुकडा तेवढ्यावर सहज जातो. त्यावर आकाराच्या केकचे उत्तर अर्धवटच आहे: वाघीण लहान असते, एवढेच.

दिवा विझवून आनंद साजरा करायचा, हे आपल्या घरांत अजून खटकते. आपण औक्षण करतो ते निरांजन लावून, विझवून नव्हे. बहुतेक घरांनी यावर तोडगाही काढला आहे: आधी पाटावर बसवून औक्षण, मग केक. मेणबत्तीविरुद्ध मला अधिक पटणारा मुद्दा धर्माचा नसून थुंकीचा आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मेणबत्त्या फुंकल्यावर आयसिंगवरचे जिवाणू सरासरी चौदापट वाढल्याचे आढळले. त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात, पण सर्दीच्या दिवसांत वीस मुलांनी ते का खावे? सलग गोल केकला यावर उपाय नाही. गाडीला आहे. मेणबत्ती इंजिनाच्या चिमणीत लावावी. फुंकर इंजिनावर पडेल, आणि वाघिणी मागे दूर राहतील.

राहिला कापण्याचा प्रश्न, आणि आकार निवडण्याची खरी कसोटी तिथेच लागते. केकला चेहरा दिला की सुरी त्या चेहऱ्यावर चालवावी लागते. मोठ्यांना त्याचे काही वाटत नाही. तीन वर्षांचे मूल मात्र आपल्या लाडक्या अस्वलाचे नाक कापले जाताना रडू शकते, आणि मग सगळे हसतात. खरे तर त्या मुलाने करार पाळलेला असतो: खूण पटली, म्हणजे ते अस्वलच. प्रतिमा कापण्याची अस्वस्थता मोठ्यांनाही सुटत नाही. कोइम्बतूरला २०१३ च्या नाताळात सहा बाय पाच फुटांचा, तिरंगा आणि अशोकचक्र असलेला केक कापला गेला, त्यावरून खटला उभा राहिला, आणि तो राष्ट्रध्वजाचा अपमान नव्हे असे सांगायला मद्रास उच्च न्यायालयाला मार्च २०२१ उजाडावा लागला. कायद्याने अपमान नाही, हे ठीकच. पण ज्याच्यावर सुरी चालवताना हात अडखळतो, तो आकार केकला देऊच नये, मग तो देवाचा असो, महाराजांचा असो की घरच्या मांजरीचा. किल्ला चालतो, त्याचे बुरूज एकेक करून उतरवता येतात. घर चालते. पुस्तकांची थप्पी चालते. सुरवंटाचेही गोळे सुटे होतात, पण त्याला डोळे असतात. या यादीत कोळशाची गाडी मला सर्वांत वरची वाटते, कारण तिला सुरीच लागत नाही. मनुका काढला की जोड सुटतो आणि वाघीण मोकळी. प्रत्येक पाहुण्या मुलाला एक अख्खी वाघीण, चाकांसकट, सारख्या मापाची, कोपऱ्याचा तुकडा कुणाला यावर भांडण नाही. मुले चौदापेक्षा जास्त असली तर आणखी एक टिन लावायचा, गाडी लांबते. वाघिणी ज्या क्रमाने सुटतील त्या क्रमाने गाडी रिकामी होत जाते, जशी ती केंद्रात रिकामी होते, आणि शेवटी ट्रेवर बिस्किटांच्या स्लीपरांवर इंजिन तेवढे उभे राहते. त्याच्यावरच फुंकर पडलेली असते, म्हणून ते ज्याचा वाढदिवस त्याचे.